तिच्या अंगठ्याचं माप

— नाही नाही, ओंडके धरायचा तो मोठा ग्रॅपल नको, राहू द्या. दिसायला पैलवान आहे, कबूल — पण ट्रॅक्टर माझा केवढा? पंचवीस हॉर्सपॉवरचा. पुढचा लोडर उचलून उचलून उचलणार साडेतीनशे किलो, त्यात हा पंजाच दोनशेचा — म्हणजे ओंडके राहिले बाजूला, पंजालाच कडेवर घेऊन फिरायचं! तो कोपऱ्यातला दाखवा, वरून एकच झाकण मिटतं तो, हलका. हां, हाच. मागे वजन लावावं लागेल, ठाऊक आहे मला, नाहीतर उतारावर मागची चाकं उचलतात — आमची झाडी सगळी उतारावर, वादळात दर वर्षी पाच-दहा झाडं आडवी होतात, मी आपला साखळीनं बांधून ओढत आलोय. मग आता हे खूळ कशाला, असंच ना? सांगतो. आधी हायड्रॉलिकचं बोलू.

ते स्वस्तातलं आहे ना — एक बटण दाबून धरायचं आणि त्याच दांड्यानं पंजा उघडायचा — ते नको. बटणावरचा अंगठा सुटला की तोच दांडा बकेट हलवायला लागतो. मला नाही हो अडचण, माझा हात बसलाय — बसला होता. पण घाबरलं की माणूस आधी अंगठाच सोडतो. त्यापेक्षा ते वेगळ्या व्हॉल्व्हचं द्या — दांड्याच्या डोक्यावर दोन बटणं, एक उघडायला, एक मिटायला, सुटलं तरी पंजा आहे तिथं राहतो. आणि बटणं एवढी वर नकोत, जरा खाली, आतल्या अंगाला — थांबा, माप आणलंय. हे बघा. हसू नका. हातमोजाच आहे, आमच्या हिचा. डावा आहे, पण अंगठे काय, दोन्ही सारखेच — उजव्यासाठी घर पालथं घातलं, मंगळवारपासून सापडत नाहीये. तिला विचारणार कसं? तिला सांगून आलोय, फिल्टर आणायला चाललो म्हणून.

हो, तीच चालवणार. — मी? मी कुठं असणार, मी लांबच्या गावाला चाललोय असं धरा. अहो, असे काय बघताय, बसा. मीही बसतो जरा. डॉक्टर म्हणाले, सहा महिने, फार तर. मी म्हटलं, डॉक्टर, ट्रॅक्टरच्या पंजालासुद्धा दोन वर्षांची वॉरंटी मिळते हो! ते हसले नाहीत. हिला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू? बत्तीस वर्षं हिला त्या सीटवर बसू दिलं नाही मी — तुला नाही जमायचं, तुला नाही जमायचं, एवढंच म्हणत आलो. जमलं असतं. पहिल्याच वर्षी जमलं असतं. पण तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारावी, मी खालून इंजिन बंद करून ‘काय गं’ म्हणावं — मला आवडायचं ते.

आणि ते तेलाच्या नळ्या जोडायचं कपलिंग, दादा. ट्रॅक्टर उन्हात उभा राहिला की होजमध्ये दाब कोंडतो आणि मग जोडायला गेलं की बसत नाही — मी हातोडी घेतो, चार शिव्या घालतो, बसतं. ती कुणाला हाक मारणार? म्हणून ते चपट्या तोंडाचं द्या, दाब असला तरी बसणारं. दोन्ही होजना वेगळे रंग लावा. आणि कागदावर लिहून द्या, मोठ्या अक्षरात — इंजिन बंद, किल्ली चालू, मग दोन्ही बटणं दाबून दाब सोडायचा. माझ्या अक्षरात नको. माझं अक्षर बघून ती —

काय शोधताय ड्रॉवरमध्ये? पावतीचं बघू नंतर —

हा कुठं मिळाला तुम्हाला? ही शिवण माझी आहे. अंगठ्यापाशी, काळ्या दोऱ्याची, मीच घातलीय. उजवा. — मंगळवारी? मंगळवारी ती बहिणीकडं गेली होती. — इथं? ह्या तुमच्या दुकानातल्या ट्रॅक्टरवर बसली होती? बटणं दाबून बघितली, हातमोजा काढून... आणि काय विचारलं? दाब कसा सोडायचा? — एकटीनं. ‘एकटीनं कसा सोडायचा’, असं विचारलं? असंच? हाच शब्द?

म्हणजे तिला माहीत आहे.

अरे देवा. आठ दिवस मी हसून दाखवतोय तिला, आणि ती मला.

रडली का हो — नको, नका सांगू. कुठला पंजा पसंत केला, तेवढं सांगा. — तो नाही? शेजारचा? तो का? — बरं. बरं, असेल, तिला कळतं. मग माझं सगळं खोडा. ती म्हणेल तसंच बसवा, बटणं ती म्हणेल तिथं. हातमोजा ठेवा परत ड्रॉवरमध्ये, होता तसा, ती येईल न्यायला. मी आलो होतो म्हणून बोलायचं नाही.

आणि एक फिल्टर द्या मला. — कुठलाही द्या हो!