राबासाठी सोललेलं जांभूळ

छाटणी शिकावी लागते, हे आमच्या आबांना कुणी पटवून दाखवावं, मी हरले. आबा म्हणजे माझे चुलते, आंदर मावळातले. मी बागकामाची कंत्राटं घेते; माझी माणसं त्या दिवशी आलीच नाहीत, म्हणून लोणावळ्याच्या एका बंगल्यावर त्यांना नेलं. कौलांवर टेकलेली जांभळाची एक फांदी काढायची होती. ती नीट निघाली, तर सगळ्या बागेचं काम मला मिळणार होतं.

“आबा, फक्त ही फांदी. बाकी पानालाही हात लावायचा नाही.”

“मला शिकीवती व्हय? हयात गेली झाडावर.”

मालकांनी चहाला बोलावलं म्हणून मी आत गेले. बाहेर येऊन बघते तर जांभळाचा खांब झालेला, शेंड्याला तेवढा झुपका. भाताचं रोप टाकायच्या जागेवर फांद्या-पाल्याचा राब भाजतात, त्यासाठी आमच्याकडं झाडं अशीच सोलतात. खाली फांद्यांचे भारेसुद्धा बांधून तयार.

“आबा, हे काय केलंत?”

“चढलोच हुतो, मग येकच फांदी कशाला? राब फुकट मिळतोय.”

“इथं कुणाची भातशेती आहे?”

“हितं न्हाई. आपली हाय की.”

मला रडूच यायला लागलं. तेवढ्यात मालक बाहेर आले आणि झाडाकडं बघत उभे राहिले. मी माफी मागणार, तोच म्हणाले,

“अरे, इथून दरी दिसते? बाकीची झाडंही अशीच करून टाका.”

बागेचं काम मला मिळालं. आबा तोवर आंब्यावर चढलेसुद्धा होते.