माशांच्या झोपेचा प्रश्न

चहा घ्या, सांगतो. नातीच्या शाळेत हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत शिकवतात, आणि आजोबांनाही वर्गात बोलायला बोलावतात. मला विषय दिला गंगा. नातीची फजिती नको, म्हणून मी दोन्ही भाषांत भाषण लिहून नेलं. उभा राहतो तोच एकानं विचारलं, "दादाजी, गंगाजी में मछली सोती कब है?"

जन्मभर विद्यापीठात शिकवलेला मी, घाम पुसत म्हणालो, "बेटा, पता नहीं."

अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या! बाई हसून म्हणाल्या, "हमारे यहाँ 'पता नहीं' पर ताली बजती है. अब सब मिलकर ढूँढेंगे."

घरी परतताना ब्रह्मा घाटाच्या गल्लीत नात खुशीत म्हणाली, "आजोबा, पुढच्या वेळीपण काही वाचून येऊ नका हं!"

मी खिशातले कागद आणखी आत सारले.