चमचाभर सोमलाचं एस्टिमेट

...अन् वरून मलेच इचारतात, "काढाले किती लागन?" आता तुमीच सांगा, पाण्यात मिसळलेला सोमल का डोळ्याले दिसते? तुमाले सांगतो, एकोणीस वर्षं झाले मले ओव्हरसियर होऊन, नाल्या मोजल्या, मोऱ्या मोजल्या, पण विष मोजाची पाळी दुश्मनावर बी येऊ नये!

झालं असं, उमरेड रोडवरच्या वस्तीतल्या विहिरीचं पाणी तपासाले गेलं अन् निघाला सोमल! त्याच्यानंच लोकांच्या तळहाताले काळे डाग पडून राहिले होते. विहिरीले झाकण, झाकणाले कुलूप! बायका मैलभरावरून पाणी आणून राहिल्या. अन् नळाच्या पाण्याची मोठी लाइन वस्तीपासून किती दूर? तीनशे फूट! अकरा वर्षं नळ मागून राहिले बिचारे, दरवेळी उत्तर काय, "योजनेत बसत नाही." त्या वस्तीची भीमाबाई रोज हपिसात हजर, डोक्यावर रिकामा हंडा! "काहून भाऊ, काढाले किती लागन, सांगत काहून नाई?"

अवं बाई, सांगू कसं? एस्टिमेट कराचं तं दराच्या पुस्तकात आयटम पायजे! पुस्तकात माती हाय, मुरूम हाय, मेलेलं जनावर उचलाचा बी दर हाय... सोमल नाई! आमचे हेडक्लार्क श्रीधरबाबू, तोंडात तंबाखूचा खर्रा, "मंग जवळचा आयटम लाव नं गा. विहिरीतला गाळ काढणे, दर ब्रासले!" लावला! हिशेब केला तं अख्ख्या विहिरीतला सोमल चमचाभर! आता शंभर घनफुटाचा एक ब्रास, मंग चमच्याचे ब्रास किती? खर्च निघाला शून्य रुपये, शून्य पैसे!

साहेब पुण्याचे. चष्मा कपाळावर, आवाज नाकात. "अहो, शून्याला मंजुरी कशी देऊ मी? काढायला किती लागेल ते नीट लिहा!"

लिवलं! टाकी लिवली, तुरटी, चुना, रेती लिवली... मंग सोमल बसते तुरटीच्या गाळात, तो गाळ फेकाचा कुठं? खड्डा! खड्ड्यात ढोरं पडतीन, कुंपण! कुंपण चोरीले जाईन, चौकीदार! अन् चौकीदाराले तहान लागन का नाई? त्याले का सोमल पाजू? म्हणून शेवटी लिवलं, 'चौकीदाराच्या पिण्यासाठी मोठ्या लाइनीवरून नळ, एक नग.'

साहेबानं लाल पेन्सिल उचलली. टाकी, काट! तुरटी, काट! खड्डा, कुंपण, चौकीदाराचा पगार, काट! नळापाशी आले अन् थांबले... "हं. कर्मचाऱ्याला पिण्याचं पाणी द्यावंच लागतं, नियम आहे." सही!

अरे, वस्तीले नळ योजनेत बसे नाई, अन् बिनपगारी चौकीदाराले बसला! पाणी आलं त्या दिवशी डफडं वाजलं, गूळ वाटला, अन् भीमाबाईनं पहिला हंडा भरला तो माह्याच डोक्यावर ओतला! ओला चिंब झालो, पण खोटं नाई सांगत, एवढा आनंद मले माह्या लग्नात बी झाला नाई. बायकोले सांगू नका.

पण मंग आली तपासणी! "नळ आहे, चौकीदार कुठे?" भीमाबाईनं मले धरून नळापाशच्या फळकुटावर बसवलं, "हा काय बसला!"

तवापासून रोज सकाळी हपिसाच्या आधी खाकी टोपी घालून नळापाशी बसतो मी. बाया म्हणतात, "सरका जी चौकीदार, हंडा लावाचा हाय!" सरकतो. परवा साहेबाचं पत्र आलं, "सोमलाचं काय झालं? काढायला किती लागेल?"

लिवून देल्लं... चौकीदाराले इचारून सांगतो!