सव्वीस नंबरची जोडी

आचल : चाचा, लाइट हिरवा आहे का लाल, तेवढंच सांगा.

अय्युब : हिरवा हाये बेटा. दोन हिरवे, अन एक लुकलुक करून राहिला.

(दुपारची वेळ. मूर्तिजापुरात लग्नाचे व्हिडिओ काढणारा अय्युब आपल्या दुकानात टीव्हीसमोर उभा आहे. फोनवर आचल, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातली. व्हिडिओ साठवायचा डबा अय्युबनं तिच्याकडूनच नेला होता. दुकानाबाहेर बाकावर एक माणूस बसलाय. त्याचं नाव घ्यायची अय्युबची अजून हिंमत झालेली नाही.)

आचल : मग डबा जिवंत आहे. टीव्ही अन डबा एकाच राउटरवर आहेत ना?

अय्युब : एकाच. वायर काढून घातली, राउटर बंद करून चालू केला, टीव्हीले बी झोपवून उठवलं. यादी बराबर दिसते. बटन दाबलं का म्हन्ते, फाइल सापडत नाही. सकायपासून हेच चालू हाये.

आचल : दुसरी प्लेलिस्ट लावून पाहा. कोणतीही.

अय्युब : वरातीचे गाणे लावतो. हे पाय, वाजलं. येते का ऐकू?

आचल : येतं, येतं. आवाज कमी करा. म्हणजे नेटवर्कला काही झालं नाही, चाचा. त्या एका यादीचीच गडबड आहे. नाव काय तिचं?

अय्युब : नाव कायले पाह्यजे तुले?

आचल : फोल्डरशी जुळवायला. मी काय पोलीस आहे का?

अय्युब : सामूहिक लग्न. दोन हजार आठचं.

आचल : हं. आता कॉम्प्युटरवरून डब्यात शिरा अन त्याच नावाचं फोल्डर उघडा. काय दिसतं?

अय्युब : काहीच नाही. खाली हाये.

आचल : खाली कसं? फाइली कोणी काढल्या?

अय्युब : म्याच पुसल्या, दिवाळीत. डब्यात जागाच नव्हती राह्यली. एक फोल्डरात, एक प्लेलिस्टमंदी, अशा दोन दोन कायले ठेवा म्हनलं. प्लेलिस्टमंदी त हायेतच नं.

आचल : चाचा, प्लेलिस्टमध्ये काही नसतं. ती नुसती नावांची यादी. दारावर नावाची पाटी लावतो ना आपण, तसं. घर पाडलं तर पाटीत कोण राहते?

अय्युब : या अल्ला.

आचल : त्यानंतर डब्यात नवं काही भरलं?

अय्युब : चार लग्नं. दोन बारसे. एक मावंदं.

आचल : मग त्यावर दुसरं लिहिलं गेलं. नाही येणार परत. मूळची कॅसेट असेल ना?

अय्युब : तिच्यावर दुसरं शूट केलं. तवाच.

आचल : मग सोडून द्या. सात वर्षांनी कोणाला पाहायचं आहे ते?

अय्युब : एकच जोडी पाह्यजे होती. सव्वीस नंबरची.

आचल : सव्वीस नंबर माझा होता, चाचा. छातीवर चिठ्ठी लावली होती.

अय्युब : मालूम हाये. म्हनून त जीभ रेटत नव्हती.

आचल : माझं लग्न कायले पाहून राहिले तुम्ही?

अय्युब : त्याच्यात तुहे बाबा होते, बेटा.

आचल : बाबा आलेच नव्हते. कन्यादान मामानं केलं. चव्वेचाळीस पोरींचे बाप मांडवात होते, अन माझा बाप घरी बसला. कापसानं दगा दिला त्या साली, आईनं नाव लिहून दिलं, तर म्हणे, माझी पोरगी मी रांगेत उभी करून देणार नाही. त्या दिवसापासून मी त्यांचा उंबरा चढली नाही, तुम्हाला माहीत आहे.

अय्युब : आला होता. जनरेटरच्या मांगं उभा होता, तोंडाले दुपट्टा गुंडाळून. मंगलाष्टकं चालू झाले, म्या कॅमेरा फिरवला, त हा मानूस तिथून अक्षता फेकून राहिला. एवढ्या लांबून तुह्यापरेंत कशाच्या पोचते. म्या वयखलं, अन त्याले समजलं का म्या वयखलं. सांजच्याले घरी आला. म्हने, अय्युब, तुले पोरायची शपत हाये, कोनाले सांगशीन नोको.

आचल : अन तुम्ही नाही सांगितलं. सात वर्षं.

अय्युब : नाही सांगतलं. या डब्यापायी चार खेपा तुह्या दुकानात आलो. दर खेपेले तोंडापरेंत आलं, अन चहा पिऊन वापस गेलो. शपत त होतीच. पन मले वाटे, फिल्म हाये नं माह्यापाशी, कवाबी दाखवता येईन. त्याच भरोशावर बसलो.

आचल : मग आज काहून?

अय्युब : तुहे बाबा, किसनभाऊच आला सकाळी. या महिन्यात त्याच्या गावात दोघांनी जीव देला. दोघाईच्या पोरी मातीले पोचल्या, तोंड पाह्याले नाही पोचल्या. म्हने, माही तशी नको यायले. शपत सोडली, तिले फिल्म दाखव. नुसतं सांगतलं त तिले खरं नाही वाटनार.

आचल : कुठं आहेत ते?

अय्युब : बाहेर बाकावर. म्या म्हनलं नेटवर्क नाही. तीन चहा झाले त्याचे. घडीघडी आत डोकावते, लागलं का म्हन्ते. माह्यानं त्याच्याकडे पाहवत नाही, आचल. त्यानं एकच गोष्ट ठेवाले देली होती माह्यापाशी. म्या ते जागा कराले पुसली. लाज वाटते मले माहीच.

आचल : चाचा, हे रचून तर नाही सांगून राहिले ना?

अय्युब : रचाले तोंड कुठं राह्यलं मले.

आचल : मग त्यांना सांगा, लागलं. तुमच्या टीव्हीवर नाही, अकोल्याला आचलच्या कॉम्प्युटरवर लागलं. तिनं पाहिलं म्हणा.

अय्युब : झूट बोलू? अजून एक?

आचल : बोला. अन म्हणा, रविवारी घरी येते.

अय्युब : सांगतो. आत्ताच जाऊन सांगतो.

आचल : थांबा, चाचा. तो दुपट्टा कोणत्या रंगाचा होता?

अय्युब : पांढरा, लाल काठाचा. कावून?

आचल : त्यायनं विचारलं त मले सांगता आलं पाह्यजे.