कोपरावरचा हिरवा

— नाही, चहा घ्याच, आणि ते यंत्र असू दे चालू, मी काय घाबरते की काय. सरांची प्रेरणा विचारताय ना? बारा वर्षं त्यांची माती मळली मी, मला नाही तर कुणाला ठाऊक असणार. त्यांनी सांगितलं असेल — आईचा हिरवा स्वेटर, दर थंडीला उसवायची, लोकर धुवायची, पुन्हा विणायची, शेवटी कोपरावर विरून विरून रंग नुसता नावाला उरला, तोच या वाडग्यांच्या काठावर उतरवलाय — हो ना? डोळ्यांत पाणीही आणलं असेल. अहो, त्यांच्या आईनं जन्मात सुई हातात धरली नाही. बटण तुटलं तर शर्ट टाकून देणारं घर ते. स्वेटर माझ्या आईचा. ग्लेझही माझं, काठावरचा तो काचेसारखा लेप — सहा वर्षं वह्या भरल्या, राख बदल, तांबं कमी कर, आणि एका दुपारी मूर्खासारखी सगळं सांगून बसले त्यांना, हाच रंग मला का हवाय ते. “छान आहे,” म्हणाले. बस. पुढं तुमच्यासारखंच कोणी मुलाखतीला आलं, तर मी चहाचा ट्रे घेऊन उभी आणि हे माझ्यासमोर माझी आई स्वतःची म्हणून सांगताहेत. चोर तो चोर, वर शिरजोर. नुसता रंग नेला असता तर गिळलं असतं मी. पण आई?

दुसऱ्याच दिवशी प्रदर्शनाची माती मळायची होती. मीच मळली. प्लॅस्टरचा जुना साचा पडला होता, तो हातोडीनं फोडला, रव्याएवढा बारीक केला — अहो, कुठल्याही कुंभाराला विचारा, प्लॅस्टरचा कण मातीत जाऊ नये म्हणून आम्ही टेबल चार-चारदा पुसतो. भट्टीतून भांडं निघतं देखणं. मग तो कण हवेतली ओल पीत बसतो, फुगतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी टक् — टवका उडतो. चाळीस वाडगे विकले ना त्यांचे? चाळीस घरांत उडतील. बसा म्हणावं आता आईच्या नावानं रडत. त्यांचं तोंड बघायला मिळणार नाही, तेवढीच रुखरुख. — हे लिहू नका. लिहिलंत? खोडा. आणि ते यंत्र बंद करा, मी आपलं गमतीनं बोलले.

पिशवीत काय आहे? तुम्हीही घेतलात? बघू —

नाही, काही नाही. काठ बघतेय. मला कधी जमला नव्हता हा, माझ्या हातून नेहमी पांढरट पडायचा. हा बरोब्बर आलाय. कोपर आहे हा तिचा, ओट्यावर टेकून टेकून झालेला... रोज सूप पिता ह्यातून? रोज धुता? नका धुऊ. कोरड्या फडक्यात गुंडाळून कपाटात — नाही, द्या, माझ्याकडेच राहू दे, मी तुम्हाला दुसरा करून देते, दोन देते —

ऐकलंत ना तुम्हीही?

काठावरच.

उठा आता. नाही, टवका राहू दे तिथंच, मी उचलते. जाताना दार ओढून घ्या.