शिलाई मशीनची मुकी मोटार

मोटार वायंडिंगच्या दुकानात माझ्या पुढे एक शिंपीणबाई होती. तिने मशीनची मोटार काउंटरवर ठेवली.

"परत आणलीत? फिरत नाही का?" दुकानदाराने विचारलं.

"झकास फिरते. पण आवाजच करत नाही."

"अहो, आतली तार सैल होऊन थरथरायची, म्हणून कोकलत होती. नवा इन्सुलेशन कागद घातला, व्हार्निश मुरवून भाजलं. आता तार हलायची नाही."

"पूर्वीसारखी करून द्या."

"ताई, लोक आवाज घालवायला येतात!"

"शिवताना मागे सासरे पुटपुटत असतात. मला वाटायचं, माझ्याच नावाने खडे फोडताहेत. मग मीही मोटारीच्या आवाजात त्यांच्यावर भरपूर तोंडसुख घ्यायचे."

"बरं, मग?"

"काल पहिल्यांदा ऐकू आलं. म्हणत होते, 'पोरी, जरा थांब, पाठ दुखेल.'"

"मग चांगलंच की!"

"चांगलं काय? माझं त्यांना ऐकू जात होतं का, ते सांगा."

"बसतात कुठे?"

"दाराशी. मोटारीपासून लांब."

"कान?"

"तिखट आहेत."

"मग... आवाज तुमच्याच कानाशी होता, ताई. त्यांना सगळं ऐकू जात असणार."

"सगळं?"

"बहुतेक."

"मग ते 'पाठ दुखेल' कशाला म्हणत होते हो?"