मागे बघायचं ते तुम्ही

...छे छे, ती नका बघू काका, ती नुसती दिसायला थोराड — हो, तीच, शेजारच्या धक्क्यावरची निळी — ती मागे एवढी लाट काढते की पायाला फळी बांधणारी पोरं त्या लाटेवरून उड्या मारतात. त्यांना डोंगरच पाहिजे असतो. तुमच्या मुलीला काय करायचंय? स्लालम. म्हणजे एकाच स्कीवर उभं राहायचं, दोर धरायचा, बोट मधून सरळ जाणार आणि हिनं पाण्यावर तरंगणाऱ्या या बाजूच्या फुग्याला वळसा घालायचा, मग त्या बाजूच्या, परत या बाजूच्या, असे सहा. दर वेळी बोटीमागची लाट ओलांडायची. आता तुम्हीच सांगा, ओलांडायला डोंगर हवा की उंबरठा? उंबरठा! माझा दादा म्हणायचा, बोट अशी घ्यावी की तिच्यामागे पाणी इस्त्री केल्यासारखं पडलं पाहिजे.

मग ती पांढरी घ्या ना — त्या टोकाची. मालक भला माणूस आहे, बोटीला जपतो. इंजिन? इंजिन मागे आहे तिचं. हो... मागे आहे. नाही, मग नका घेऊ, कशाला खोटं बोलू. मागे इंजिन म्हणजे ढुंगण जड, लाट मोठी, आणि दोर बांधायचा तोही मागेच. माणूस झुकून ओढतो तेव्हा अख्खं वजन दोरावर टाकतो हो, बोटीची शेपटीच फिरवतो. इंजिन मध्ये पाहिजे आणि दोराचा खांब त्याच्या पुढ्यात, बोटीच्या पोटात. म्हणजे कितीही ओढा, बोट नुसती मान हलवते आणि आपल्या वाटेनं जाते. — हो, या आमच्या बोटीचं मध्येच आहे. हो, खांबही. जाहिरातीत लिहिलंय ना सगळं. वहिनीनं दिलीय जाहिरात, मी नाही. दादा गेल्यावर बोट वहिनीची झाली, मी काय, नुसता चालवणारा.

काय? ते नारिंगी डाग होय... पुसले जातील. बोटीच्या वाटेच्या दोन्ही कडांनाही रबरी फुगे असतात, ते घासले की रंग सोडतात. दोन्ही बाजूंना आहेत, हो, दिसतायत मला. कोणी चालवली म्हणजे? मीच! दादा मागे दोरावर, मी चाकावर, मिशी फुटली नव्हती तेव्हापासून. शाळेत कधी सरळ रेघ आली नाही मला, पण या मधल्या गल्लीतून — दोन्हीकडे हातभर जागा — एकदा घासली नाही बोट. मग आता कशी घासली? तुमचं बरोबर आहे, विचारणारच तुम्ही. कसं सांगू... मागे माणूस असला की तो ओढतो ना. तो डावीकडे गेला की बोटीला डावीकडे जावंसं वाटतं, आपण चाक इवलंसं उजवीकडे द्यायचं. तो उजवीकडे, आपण डावीकडे. बघून नाही, हातालाच कळतं. दादाची ओढ मी झोपेत ओळखीन. तर आता सकाळी मी एकटाच येतो, दोर सोडतो, हँडल पाण्यावर आपटत मागे येतं रिकामं, आणि हात आपले देतच राहतात. उजवीकडे, डावीकडे. ओढणारं कोणी नाही आणि हा शहाणा सावरतोय! मग घासणारच. हसा ना काका. वहिनी नाही हसली. तिनं धक्क्यावरून बघितलं आणि त्याच दिवशी जाहिरात दिली. म्हणाली, भाऊजी, बोट राहिली तर तुम्ही असेच फिरत राहाल. मागचं बघायचा आरसा? इथेच होता, या दांडीवर. आता बाकाखाली आहे, टॉवेलात. त्यात दोरच दिसायचा नुसता.

फेरी मारून बघायची? आत्ता? मुलीला दोराला लावून? — स्कीसुद्धा आणलीय तिनं! बरेच तयारीचे आहात. नाही... म्हणजे, नाही असं नाही. एक फेरी. ताई, दोर ताणला की आवाज दे गं! तुम्ही डावीकडे बसा, तोंड मागे. असं. मागे बघायचं ते तुम्ही, मी पुढेच बघणार. आणि पडली तर घाबरायचं नाही, हात बघायचा. पडलेल्यानं आधी हात वर करायचा, म्हणजे मी ठीक आहे. पहिला नियम.

दादाला पाण्यावर काही झालं नाही हो, लोक उगीच काहीही बोलतात. दवाखान्यात गेला. पोटात दुखतंय म्हणाला, ढकलगाडीवरून आत नेत होते, तर दारातून झोपल्या झोपल्या हात वर केला त्यानं. माझ्याकडे बघून. आता हात वर म्हणजे काय? ठीक आहे! आमच्यात दुसरा अर्थच नाही त्याचा. मी वहिनीला म्हटलं, चल, ठीक आहे तो. घरी आलो, जेवलो. पोटभर जेवलो, काका — असो. ताई, निघतोय!

उभी राहिली ना? सांगू नका, कळलं. पहिला फुगा... ही आली. हलकी आहे, दादाच्या निम्मीही ओढ नाही, पण वेळेवर आहे. दुसरा — देतेय बघा, वजन देतेय — काका, किती दिवसांनी चाक जड लागतंय! तिसरा. आता चौथ्याला जरा उशीर होईल तिला, उशीर होणार, होणार —

गेली. दोर सैल पडला. पडली ना? हात? हात वर आहे का? बोला ना काका, तोंडाला काय झालं! नीट बघा — थांबा, वळवतोय, बोट वळवतोय, मला बघू दे...

आहे. वर आहे. सरळ वर. आणि हसतेय, वेडी.

उठा. इकडे या, चाकावर. अहो, बसा! मी काय रोज येणार आहे तुमच्याकडे चालवायला? वहिनीला मी सांगतो, गिऱ्हाईक मिळालं म्हणून. जाताना आरसा लावून देतो. आता हळूच तिच्याजवळ न्या, हँडल हातात येऊ दे तिच्या. ती ओढेल तेव्हा घाबरू नका, हातांना कळेल. मागे मी बघतो.

नाही, काही झालं नाही मला. माझ्याकडे नका बघू, काका. पुढे बघा.